हायड्रोजन येतो कोठून ?

आजचा विषय नांवानें परका वाटेल; पण तो आपल्या पानांतल्या भातापर्यंत केव्हांच येऊन पोंचलेला आहे. हायड्रोजन वायूचें नांव अलीकडे वारंवार कानांवर पडूं लागलें आहे. वर्तमानपत्र उघडावें तों ‘उद्यांचें इंधन’, ‘धूर नसलेलें इंधन’ अशीं विशेषणें त्याला लावलेलीं दिसतात. हायड्रोजन जळला म्हणजे मागें राख राहत नाहीं, काजळी धरत नाहीं, आणि जुन्या पुस्तकांतला कर्बाम्ल वायु, ज्याला आजचीं मुलें कार्बन डाय-ऑक्साइड म्हणतात, तोहि निर्माण होत नाहीं. निघते ती केवळ पाण्याची वाफ. हें सारें खरें आहे. मात्र या स्तुतींत एक साधा प्रश्न बहुधा राहून जातो : हा वायु येतो कोठून ?

कोळसा खाणींतून खणून काढतां येतो, तेल विहिरींतून उपसतां येतें. हायड्रोजनचें तसें नाहीं. जमिनींतून तो आपोआप निघत असल्याचीं उदाहरणें आहेत, पण तीं क्वचित्. एरवीं तो नेहमीं दुसऱ्या कोणाशीं तरी जखडलेला असतो. पाण्यांत प्राणवायूशीं, तेलांत आणि नैसर्गिक वायूंत कर्बाशीं. त्याला तेथून सोडवावें लागतें, आणि ही सोडवणूक फुकट होत नाहीं. २०२२ सालीं साऱ्या जगांत मिळून सुमारें साडेनऊ कोटि टन हायड्रोजन वापरला गेला. त्यांतला तीन-पंचमांशाहून अधिक भाग नैसर्गिक वायूपासून काढलेला होता, आणि कोळशाचा वांटाहि मोठा होता. विजेच्या साहाय्यानें पाणी फोडून मिळवलेला हायड्रोजन, ज्याचें चित्र आपल्या डोळ्यांपुढें असतें, तो शेंकडा एक इतकाहि भरत नव्हता. तेव्हां हायड्रोजनची गोष्ट सांगावयाची तर ती नैसर्गिक वायु आणि वाफ यांचीच सांगावी लागेल.

नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा यानें १७७६ सालीं माज्जोरे सरोवराच्या कांठच्या चिखलांत काठी ढवळून वर येणारे बुडबुडे बाटलींत धरले, आणि तो वायु पेटतो असें दाखवलें. तोच हा मिथेन. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं पॅरिसमध्यें लाव्हाझिए यानें लाल तापलेल्या लोखंडी नळींतून वाफ सोडली. तापलेल्या लोखंडानें वाफेंतला प्राणवायु ओढून घेतला आणि दुसऱ्या टोंकानें हायड्रोजन बाहेर पडला. या प्रयोगांत पुढच्या साऱ्या कारखान्यांचें बीज आहे. पाण्यापासून हायड्रोजन हवा असेल तर पाण्यांतल्या प्राणवायूला अधिक प्रिय असा दुसरा सोबती त्याच्यापुढें उभा केला पाहिजे. लाव्हाझिएनें लोखंड उभें केलें. पुढें लाल निखाऱ्यांतल्या कोळशाचा कर्ब हें काम करूं लागला. आणि विसाव्या शतकांत मिथेनमधला कर्ब त्या जागीं आला. मिथेनचा विशेष असा कीं, त्याच्या कर्बाजवळ स्वतःचाहि हायड्रोजन असतो. म्हणून त्याच्यापासून मिळणारा लाभ दुहेरी आहे.

रेडिओवर फळा नसतो, तेव्हां समीकरण तोंडानेंच सांगतों. मिथेनच्या एका कणांत एक कर्ब आणि चार हायड्रोजन. पाण्याच्या एका कणांत एक प्राणवायु आणि दोन हायड्रोजन. कर्बाची भूक पुरी भागण्यास दोन प्राणवायु लागतात, म्हणून एका मिथेनमागें पाण्याचे दोन कण खर्ची पडतात. आतां हायड्रोजन मोजा. चार मिथेनचे, चार पाण्याचे. म्हणजे ज्या हायड्रोजनला आपण नैसर्गिक वायूचा म्हणतों, त्यांतला निम्मा वस्तुतः पाण्यांतून आलेला असतो ! वजनानें सांगावयाचें तर दोन किलो मिथेन आणि साडेचार किलो वाफ यांपासून एक किलो हायड्रोजन मिळतो. उरलेलें साडेपांच किलो वजन कर्बाम्ल वायूचें असतें. हा आंकडा ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

ही देवाणघेवाण दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यांत कर्बाला एकच प्राणवायु मिळतो व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु तयार होतो; या टप्प्याला उष्णता फार लागते. दुसऱ्या टप्प्यांत, बऱ्याच कमी उष्णतेवर, तो मोनॉक्साइड आणखी वाफेंतला प्राणवायु घेऊन कर्बाम्ल वायु बनतो व जातां जातां थोडा हायड्रोजन देऊन जातो. दुसरा टप्पा सरळ आहे. सारी कटकट पहिल्याची.

मिथेन हा स्वभावानें मोठा संतुष्ट वायु. आपले चार हायड्रोजन संभाळून तो स्वस्थ असतो. नुसती वाफ अंगावर सोडल्यानें त्याचें कांहीं बिघडत नाहीं. त्याला हलवण्यास निकेल धातु लागते. तापलेल्या निकेलच्या पृष्ठावर मिथेनचे हायड्रोजन एकेक करून सुटतात, उघडा पडलेला कर्ब शेजारीं आलेल्या वाफेंतला प्राणवायु पकडतो, आणि निकेल होतें तसेंच राहतें. अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात. कोणी त्याला विरजणाची उपमा देतात, पण ती मला पटत नाहीं. विरजण दह्यांत मिसळून जातें. उत्प्रेरक हा लग्नें जुळवीत हिंडणाऱ्या मध्यस्थासारखा आहे, जो स्वतः मात्र ब्रह्मचारीच राहतो. इतकेंच कीं, येथें त्याला आधीं एक जुना संसार मोडावा लागतो. निकेलचा हा गुण फ्रेंच शास्त्रज्ञ साबातिए व त्याचा सहकारी सांदराँ यांनीं १९०२ सालीं उलट्या बाजूनें पाहिला होता : कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन निकेलवरून नेले असतां मिथेन तयार होतो. जो दरवाजा एका दिशेनें उघडतो तो दुसऱ्या दिशेनेंहि उघडतो. उष्णता वाढवून व वाफ भरपूर देऊन क्रिया उलटवतां येते. जर्मनींत याचें पेटंट १९१२ च्या सुमारास निघालें. परंतु मोठा कारखाना उभा राहिला तो १९३० सालीं, अमेरिकेंत बॅटन रूज येथें. आणि इंग्लंडांत बिलिंगहॅमला आणखी सहा वर्षांनीं. अमेरिकेंत नैसर्गिक वायु हाताशीं मुबलक होता, हें एक कारण झालें. पण एवढ्या धगींत वर्षानुवर्षें टिकेल अशी पोलादी नळी करणें, हेंहि रसायनाइतकेंच अवघड काम होतें.

अशी भट्टी एकदां एका खतकारखान्यांत मला पाहावयास मिळाली. लांबून ती एखाद्या बिनखिडक्यांच्या चाळीसारखी दिसते. आंत विटांच्या भिंतींमध्यें शेंकडों नळ्या उभ्या टांगलेल्या. प्रत्येक नळी वीतभरापेक्षांहि कमी रुंद, पण तीनचार मजल्यांइतकी उंच. निकेल आणि क्रोमियम मिसळलेल्या पोलादाची ही नळी असते, आणि तिच्या पोटांत बोटाच्या पेराएवढ्या, भोंकें पाडलेल्या, चिनी मातीसारख्या दिसणाऱ्या कांड्या भरलेल्या असतात. त्या कांड्यांवर निकेल बसवलेलें असतें. नळ्यांच्या आंतून मिथेन व वाफ जातात, वातावरणाच्या वीस-तीसपट दाबाखालीं. बाहेरून वायूच्या ज्वाळा त्यांना आठशें ते नऊशें अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवीत असतात. भिंतींत लहान झरोके ठेवलेले आहेत. निळी कांच डोळ्यापुढें धरून मी त्यांतून पाहिलें तेव्हां नारिंगी रंगाच्या खांबांची रांगच्या रांग दिसली. मी सौंदर्य पाहत होतों. माझ्या शेजारचा कामगार मात्र रंग पारखीत होता. त्यानें समजावून सांगितलें कीं, जी नळी इतरांहून उजळ दिसेल ती आजारी समजावयाची. कारण आंतली क्रिया उष्णता पिऊन घेते. निकेल कामांत असेपर्यंत नळी त्या मानानें थंड राहते. एखाद्या ठिकाणीं निकेल मेलें कीं तेथें उष्णता पिणारें कोणी उरत नाहीं, आणि नळीवर तेवढाच पट्टा लखलखूं लागतो. या नळ्यांचें आयुष्य साधारण एक लक्ष तास, म्हणजे अकरा वर्षांहून थोडें अधिक, धरलेलें असतें. पण नळी नेहमीं वीसच अंश अधिक तापत राहिली तर तें आयुष्य निम्म्यावर येतें. नऊशें अंशांच्या धगींत वीस अंशांची ती काय मात्तबरी, असें आपणांस वाटेल. पोलादाला तसें वाटत नाहीं.

निकेल मरतें तें दोन कारणांनीं. वाफ कमी पडली तर मिथेनमधला कर्ब प्राणवायूवांचून उघडा राहतो व काजळी होऊन कांड्यांच्या छिद्रांत बसतो. कांड्या फुटतात, नळी तुंबते. म्हणून एका कर्बामागें वाफेचे सुमारें तीन भाग, गरजेहून पुष्कळ अधिक, देण्याची वहिवाट आहे. दुसरें कारण गंधक. गंधकाचा अंश निकेलवर एकदां बसला कीं सहजासहजीं उठत नाहीं. त्यामुळें वायु भट्टींत शिरण्यापूर्वींच जस्ताच्या भस्मासारख्या पदार्थाच्या थरांतून, म्हणजे झिंक ऑक्साइडमधून, गाळून घेतात. एक कोटि भागांत गंधकाचा एक भागहि उरूं नये अशी ही दक्षता असते. आपल्या घरांत तांदूळ निवडतात त्याहून हें निवडणें कडक !

आतां पानांतल्या भाताकडे येतों. या हायड्रोजनचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक कोणतें, तर तेलशुद्धीचे कारखाने आणि खतांचे कारखाने. खतकारखान्यांत हायड्रोजनचा हवेंतल्या नत्रवायूशीं संयोग घडवून अमोनिया करतात, आणि अमोनियापासून युरिया. सिंद्रीचा आपला पहिला मोठा सरकारी कारखाना १९५१ सालीं सुरू झाला तो कोळशाच्या बळावर. मुंबईजवळ तुर्भ्याला १९६५ च्या सुमारास खतकारखाना उभा राहिला तो नाफ्त्यावर, म्हणजे तेलशुद्धींत निघणाऱ्या एका हलक्या तेलावर. पुढें १९७४ सालीं मुंबईच्या पश्चिमेस भर समुद्रांत, ज्याला आपण बाँबे हाय म्हणतों तेथें, तेल आणि वायु सांपडला. तो वायु उरणला किनाऱ्यावर आणला गेला, आणि अलिबागेजवळ थळ येथें त्यावर चालणारा प्रचंड खतकारखाना १९८० नंतरच्या दशकांत उभा राहिला. कोंकणच्या किनाऱ्यावर वाफ आणि मिथेन यांची ती गांठ तेव्हांपासून रात्रंदिवस पडत आली आहे.

युरियाचें एक पोतें घ्या. हल्लीं तें पंचेचाळीस किलोचें असतें. त्याकरितां साडेचार किलो हायड्रोजन लागतो, आणि आपण पाहिलें त्याप्रमाणें त्यांतला निम्मा पाण्याचा. त्याच पोत्यांत तेहेतीस किलो कर्बाम्ल वायुहि गुंतलेला असतो, कारण युरिया हा अमोनिया व कर्बाम्ल वायु यांचाच संयोग आहे. भट्टींतून निघालेला बराचसा कर्बाम्ल वायु असा कामीं येतो. मग हवेची चिंता मिटली काय ? दुर्दैवानें नाहीं. युरिया ओल्या मातींत पडला कीं थोड्याच दिवसांत तो फुटतो. अमोनिया पिकाच्या उपयोगी पडतो आणि कर्बाम्ल वायु हवेंत निघून जातो. पोतें ही त्याची कायमची तिजोरी नव्हे; प्रवासांतली धर्मशाळा आहे.

आणि हिशेब एवढ्यावर थांबत नाहीं. एका किलो हायड्रोजनमागें साडेपांच किलो कर्बाम्ल वायु, हा झाला नळीच्या आंतला जमाखर्च. नळी बाहेरून तापवण्यास, वाफ करण्यास जो वायु जाळावा लागतो, त्याचाहि धूर धरला म्हणजे बेरीज नऊ-दहा किलोंवर जाते. जगांतला सर्व हायड्रोजन, कोळशापासूनचा धरून, काढतांना दर वर्षीं नव्वद कोटि टनांहून अधिक कर्बाम्ल वायु हवेंत जातो. धूर नसलेलें इंधन म्हणतात तें हें ! धूर नाहीं असें नव्हे. तो दुसऱ्या गांवीं निघालेला असतो.

व्यापारी लोकांनीं अलीकडे या वायूला रंग दिले आहेत. असा धूर मोकळा सोडून केलेला तो करडा. धूर पकडून जमिनींत गाडला तर निळा. वाऱ्याच्या वा उन्हाच्या विजेनें पाणी फोडून केलेला तो हिरवा. वायु बापडा तिन्ही ठिकाणीं एकच, आणि बिनरंगी. रंग आहे तो त्याच्या वहींत. निळ्याविषयीं एवढेंच सांगतों कीं, नळींतून हायड्रोजनबरोबर आलेला कर्बाम्ल वायु वेगळा काढणें सोपें आहे, तो तसाहि काढावाच लागतो. पण भट्टीच्या धुराड्यांतला विरळ वायु पकडणें महाग पडतें. निळा म्हणून जो विकला जाईल त्याचा कोणता धूर पकडला, हें विचारण्यासारखें आहे. हिरव्यासाठीं भारत सरकारनें जानेवारी २०२३ मध्यें एक योजना मंजूर केली. २०३० पर्यंत वर्षाला पन्नास लाख टन असें तिचें उद्दिष्ट आहे.

आतां व्होल्टाच्या चिखलाकडे पुन्हां वळूं. त्या चिखलांत हवेवांचून कुजणाऱ्या काडीकचऱ्यापासून जो मिथेन निघत होता, तोच शेणापासून निघतो. आपल्या देशांत ही गोष्ट नवी नाहीं. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमांत मैल्यापासून वायु काढून वापरण्याचा प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच झाला होता. दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेंत १९३९ सालीं शेणावर प्रयोग झाले, आणि १९६० नंतर खादी-ग्रामोद्योग आयोगानें तरंगत्या लोखंडी झांकणाचीं गोबरगॅसचीं संयंत्रें खेडोपाडीं पोंचवलीं. या वायूंत शंभरांत साठच्या आसपास मिथेन, बाकी बहुतेक कर्बाम्ल वायु, आणि थोडा कुजक्या अंड्यांसारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. हा शेवटचा पाहुणा म्हणजेच गंधक; निकेलचा काळ. नैसर्गिक वायूपेक्षां येथें त्याचा सुळसुळाट पुष्कळ अधिक असतो, म्हणून आधीं धुणें आलें, गाळणें आलें. या वायूंतला कर्बाम्ल वायु मात्र अगदींच निरुपयोगी नाहीं. तोहि वाफेच्या जोडीनें मिथेनला थोडा प्राणवायु पुरवूं शकतो. फक्त त्या वाटेनें काजळीचें भय वाढतें व हायड्रोजन कमी पदरीं पडतो.

रसायन दोन्हींकडे एकच, धूर दोन्हींकडे तेवढाच. फरक कर्बाच्या वयाचा. शेणांतला कर्ब गतवर्षीं किंवा यंदा गवतानें हवेंतूनच घेतलेला होता. तो परत हवेंत गेला तर जमाखर्च बरोबर मिटतो. समुद्रतळाखालचा कर्ब कोट्यवधि वर्षें गाडलेला होता; तो वर आणला म्हणजे हवेंत नवी भर पडते. मात्र एक अट आहे. संयंत्र गळतां कामा नये. मिथेन तसाच हवेंत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबानें तो वजनास वजन कर्बाम्ल वायूच्या सुमारें अठ्ठावीसपट ऊष्मा कोंडून धरतो. गळक्या टाकीचा हिरवेपणा कागदावरच राहतो.

मग शेणापासून हायड्रोजन करावा काय ? उत्साही मंडळी लगेच होय म्हणतात. जरा बोटांवर मोजूं. पंचवीस किलो ओल्या शेणापासून सुमारें एक घनमीटर वायु मिळतो. एक किलो हायड्रोजनला, भट्टीचें जळण धरून, असे सात घनमीटर तरी हवेत. म्हणजे पावणेदोनशें किलो शेण, सतरा-अठरा जनावरांचें एका दिवसाचें. त्या एका किलोवर हायड्रोजनची मोटार शंभरएक किलोमीटर जाईल. आणि तोच वायु चुलीला दिला तर तीन-चार कुटुंबांचा दिवसाचा स्वयंपाक होईल, शिवाय भट्टी नको, निकेल नको, गाळणी नको. माझें मत स्पष्ट आहे : खेड्यांतल्या गोबरगॅसनें आधीं चूल पेटवावी. युरियाच्या एका पोत्यासाठीं ऐंशी जनावरांचें शेण लागेल, आणि तेंच शेण संयंत्रांतून बाहेर पडतांना स्वतःच उत्तम खत असतें, हेंहि विसरतां येत नाहीं.

परंतु जेथें कुजका माल एकाच ठिकाणीं ढिगांनीं गोळा होतो तेथें हिशेब बदलतो. मळीपासून मद्यार्क काढल्यावर साखर कारखान्याजवळ उरणारें काळें सांडपाणी, मोठ्या शहरांचा मैला, भाजीबाजारांतला कचरा. यांच्यापासून वायु मोठ्या प्रमाणांत निघूं शकतो, आणि तो तसाच सोडून देणें सर्वांत वाईट. शिवाय हायड्रोजन जेथें इंधन म्हणून नव्हे, तर पदार्थ म्हणून लागतो, जसा अमोनियाला लागतो, तेथें चूल त्याची जागा घेऊं शकत नाहीं. हा वायु धुऊन, त्यांतला कर्बाम्ल वायु व गंधक काढून, नैसर्गिक वायूच्या नळांत मिसळण्याचें धोरणहि ठरलें आहे. शहरांतल्या मोटारींना व स्वयंपाकघरांना पुरवल्या जाणाऱ्या वायूंत २०२५-२६ पासून शेंकडा एक, आणि २०२८-२९ पासून शेंकडा पांच असें त्याचें प्रमाण १९२३ नव्हे, २०२३ सालींच जाहीर झालें. नळांत शिरल्यावर जुना मिथेन कोणता आणि नवा कोणता, हें ओळखण्याची सोय नाहीं. हिशेब ठेवणाऱ्यानें तो नळांत शिरण्यापूर्वींच ठेवला पाहिजे. उद्यां थळच्या त्या भट्टीसारख्या एखाद्या भट्टींत समुद्राखालचा मिथेन आला काय, किंवा नगर-कोल्हापूरकडच्या उंसाच्या सांडपाण्याचा आला काय, निकेल दोघांनाहि सारखेंच वागवील. गंधक तेवढा आधीं काढलेला असला म्हणजे झालें.